व्यवसायातील व्यूहनीती : व्याख्या आणि व्यवहार

प्रास्ताविक

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या पदवी अभ्यासक्रमात 'व्यावसायिक धोरण' किंवा 'व्यूहात्मक व्यवस्थापन' अशा नावाचा विषय बहुतेक विद्यापीठांत असतो. विद्यार्थी व्याख्या लिहितात, वैशिष्ट्ये लिहितात, बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा चार चौकटींचा तक्ता काढतात आणि उत्तीर्ण होतात. मात्र त्याच विद्यार्थ्याला 'तुझ्या वडिलांच्या दुकानाची व्यूहनीती कोणती?' असे विचारले तर तो गोंधळतो. फार तर 'धंदा वाढवायचा आहे' किंवा 'चांगला माल, रास्त भाव' असे उत्तर मिळते. यातील पहिली एक इच्छा आहे आणि दुसरे दुकानाच्या पाटीवर शोभणारे वाक्य आहे. व्यूहनीती या दोन्हींत नाही.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी घरची बेकरी, गॅरेज, कापडाचे किंवा हार्डवेअरचे दुकान सांभाळू लागतात. त्यांच्या हाती असलेले भांडवल थोडे असते आणि ते बहुधा घरच्यांनी वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊन साठवलेले असते. मोठ्या कंपनीचा एखादा निर्णय फसला तर ती ताळेबंदात तोटा दाखवून पुढे जाते. लहान व्यावसायिकाचा निर्णय फसला तर धाकट्या भावंडांची फी भरणे अवघड होते. म्हणून व्यूहनीती म्हणजे प्रत्यक्षात काय, हे विद्यार्थ्याला नेमके समजणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात शब्दांचा अर्थ, प्रमुख अभ्यासकांची मते, भारतीय बाजारपेठेतील एक परिचित उदाहरण आणि वर्गातील अध्यापन या क्रमाने या विषयाचा विचार केला आहे.

शब्दांचा अर्थ

इंग्रजीतील 'स्ट्रॅटेजी' हा शब्द ग्रीक भाषेतील 'स्ट्रॅटेगोस' म्हणजे सेनापती या शब्दापासून आला. मराठीत त्यासाठी व्यूहरचना, व्यूहनीती, धोरण, डावपेच असे अनेक शब्द वापरले जातात आणि त्यामुळे वर्गात घोटाळा होतो. डावपेच हा कुस्तीच्या आखाड्यातील शब्द आहे. समोरच्याने पकड घेतली की त्या क्षणी काय करायचे, ते डावपेच. व्यूह हा रणांगणातील शब्द आहे. लढाई सुरू होण्यापूर्वी सैन्य कोठे उभे करायचे, कोणती बाजू राखायची आणि कोणती सोडून द्यायची, हे व्यूहात ठरते. सणासुदीला दहा टक्के सूट देणे हा डाव झाला. बारा महिने कोणत्या ग्राहकासाठी दुकान चालवायचे, हा व्यूह झाला.

'धोरण' हा शब्द सरकारी परिपत्रकांत वापरून वापरून नियम या अर्थाने रूढ झाला आहे. परंतु बोलीभाषेत आपण 'तो मोठा धोरणी माणूस आहे' असे म्हणतो, तेव्हा आपल्याला नियम अभिप्रेत नसतो. पुढचे पाहून आजचे पाऊल टाकणारा, कोठे थांबायचे ते कळणारा माणूस अभिप्रेत असतो. व्यावसायिक व्यूहनीतीचा खरा अर्थ या बोलीतील 'धोरणी' शब्दाला अधिक जवळचा आहे.

अभ्यासकांची मते

अमेरिकन इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ मध्ये 'स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर' या ग्रंथात ड्यू पाँ, जनरल मोटर्स यांसारख्या मोठ्या उद्योगांचा अभ्यास मांडला. दीर्घकालीन उद्दिष्टे ठरवणे, त्यासाठी कृतीचा मार्ग निवडणे आणि त्या मार्गावर साधनसामग्री लावणे, असा त्यांच्या मते व्यूहनीतीचा आशय आहे. आपली पाठ्यपुस्तके बहुधा उद्दिष्टांवर भर देतात. साधनसामग्री लावण्याचा तिसरा भाग मात्र घाईत उरकला जातो. वस्तुतः खरी परीक्षा तेथेच असते. पैसा, माणसे आणि मालकाचा वेळ कोठे खर्च होतो, हे पाहिले की लिहिलेल्या उद्दिष्टांपेक्षा खरी व्यूहनीती लवकर कळते.

कॅनडाचे हेन्री मिंट्झबर्ग यांनी जेम्स वॉटर्स यांच्यासह १९८५ मध्ये एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. काही व्यूहनीती आधी ठरवून अमलात येतात, तर काही कामाच्या ओघात आकार घेतात. मालक एक गोष्ट करून पाहतो, ती जमते, तो ती पुन्हा करतो आणि काही वर्षांनी त्यातून एक सुसंगत आकृतिबंध तयार होतो. कागदावर काहीही लिहिलेले नसले तरी त्या धंद्याला व्यूहनीती असू शकते. उलट, शंभर पानी आराखडा असूनही व्यूहनीती नसू शकते.

मायकेल पोर्टर यांनी १९९६ मधील 'व्हॉट इज स्ट्रॅटेजी?' या लेखात आणखी एक भेद केला. इतर करतात तेच काम अधिक चांगले, अधिक वेगाने करणे म्हणजे कार्यक्षमता. ती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही, कारण चांगली पद्धत प्रतिस्पर्धी लवकरच उचलतो. इतरांपेक्षा वेगळी कामे निवडणे किंवा तीच कामे वेगळ्या रीतीने करणे, त्यासाठी काही गोष्टींचा जाणीवपूर्वक त्याग करणे आणि निवडलेल्या सर्व कामांचा एकमेकांशी मेळ बसवणे, ही व्यूहनीती होय. 'त्याग' आणि 'मेळ' हे दोन शब्द विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले तर अर्धा विषय समजला असे म्हणता येईल.

एक परिचित उदाहरण : निरमा आणि सर्फ

हिंदुस्थान लिव्हर या कंपनीने १९५९ मध्ये सर्फ ही धुण्याची पावडर भारतात आणली. निळ्या रंगाची ही पावडर शहरी मध्यमवर्गात प्रतिष्ठेची झाली. बहुसंख्य घरांत मात्र कपडे साबणाच्या वडीनेच धुतले जात, कारण सर्फची किंमत परवडणारी नव्हती.

१९६९ मध्ये अहमदाबाद येथे करसनभाई पटेल यांनी घराच्या आवारात धुण्याची पावडर बनवण्यास सुरुवात केली. ते रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि गुजरात सरकारच्या भूगर्भ व खनिकर्म खात्यात नोकरीस होते. कामाच्या वेळेबाहेर ते सायकलवरून दारोदार पावडर विकत. मुलगी निरुपमा हिच्या नावावरून त्यांनी पावडरीला 'निरमा' हे नाव दिले. या पिवळ्या पावडरीची किंमत सर्फच्या सुमारे एक चतुर्थांश होती.

पाठ्यपुस्तकांत येथे 'निरमाने कमी किमतीची व्यूहनीती वापरली' असे एक वाक्य लिहून विषय संपवला जातो. परंतु कमी किंमत हा परिणाम आहे. ती कशामुळे परवडली, हा अभ्यासाचा विषय आहे.

पहिली गोष्ट घटकद्रव्यांची. पावडरीत मोजकीच द्रव्ये होती. धुण्याच्या सोड्याचे प्रमाण अधिक होते. सुगंध, शुभ्रता वाढवणारी द्रव्ये, हाताला मऊ वाटावे यासाठीची द्रव्ये हा खर्च टाळलेला होता. ही पावडर हाताला झोंबते अशी तक्रार असे. पण ज्या घरात पर्याय साबणाच्या वडीचा होता, त्या घराला ती मान्य होती. दुसरी गोष्ट उत्पादनाची. सर्फसाठी उंच मनोऱ्यात द्रावण फवारून वाळवण्याची यंत्रणा लागे. निरमाची द्रव्ये कोरडीच, मजुरांकरवी हाताने मिसळली जात. त्यामुळे यंत्रसामग्रीत पैसा अडकत नव्हता आणि विजेविना चालणाऱ्या लघुउद्योगाला त्या काळी मिळणारी उत्पादन शुल्कातील सवलतही मिळत असे. तिसरी गोष्ट वितरणाची. विक्री प्रतिनिधींचा मोठा फौजफाटा नव्हता. वितरकाला नफा थोडा, पण माल झटपट खपत असल्याने तो तयार असे. चौथी गोष्ट जाहिरातीची. पांढऱ्या फ्रॉकमधील गिरकी घेणारी मुलगी आणि एकच सोपे गाणे वर्षानुवर्षे आकाशवाणीवर व पुढे दूरदर्शनवर कायम राहिले.

आता या चार गोष्टी एकमेकींना कशा आधार देतात ते पाहावे. द्रव्ये मोजकी म्हणून हाताने मिसळणे शक्य झाले. हाताने मिसळले म्हणून भांडवल व कर वाचला. भांडवल व कर वाचला म्हणून किंमत उतरली. किंमत उतरली म्हणून खप वाढला, आणि खप वाढल्यामुळे वितरक थोड्या नफ्यावर टिकला. यातील एक दुवा काढला तर साखळी ढिली पडते. समजा, निरमाने त्याच वेळी सुगंधी, महागडी पावडरही काढली असती, तर यंत्रे आली असती, करसवलत गेली असती, विक्री प्रतिनिधी नेमावे लागले असते आणि स्वस्त पावडर स्वस्त राहिली नसती. पोर्टर ज्याला मेळ आणि त्याग म्हणतात तो हाच. हा सर्व मेळ पहिल्या दिवशी कागदावर मांडलेला नव्हता. अंगणातील अपुऱ्या साधनांतून तो घडत गेला. मिंट्झबर्ग यांच्या भेदाचेही हे उदाहरण आहे.

मोठी कंपनी तत्काळ का उठली नाही?

विद्यार्थी येथे हमखास प्रश्न विचारतात : हिंदुस्थान लिव्हरकडे पैसा, प्रयोगशाळा आणि देशभर वितरण होते, मग तिने सर्फची किंमत का उतरवली नाही? याचे उत्तर समजावून सांगणे हे या धड्याचे मर्म आहे.

प्रारंभी कंपनीने निरमाला आपला प्रतिस्पर्धीच मानले नाही. सर्फचा ग्राहक वेगळा आणि निरमाचा वेगळा, असा तिचा समज होता. पण समज दुरुस्त झाल्यावरही किंमत उतरवणे सोपे नव्हते. सर्फची किंमत निरमाच्या पातळीवर आणायची तर जे ग्राहक आनंदाने जास्त पैसे देत होते त्यांच्याकडील उत्पन्नही गेले असते. शिवाय कारखान्याचा, संशोधनाचा आणि विक्री विभागाचा खर्च तसाच राहिला असता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याची किंमत उचलता येत होती. त्या किमतीमागील रचना उचलता येत नव्हती. १९८० च्या दशकात कंपनीने जाहिरातींतील चोखंदळ गृहिणी ललिताजी हिच्यामार्फत सर्फ घेण्यातच शहाणपण कसे आहे हे पटवण्याचा प्रयत्न केला. जाहिरात गाजली, सर्फचा स्वतःचा ग्राहक सांभाळला गेला. मात्र निरमाचा विस्तार थांबला नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमा खपाच्या वजनात सर्फच्या पुढे गेली होती.

अखेर कंपनीने १९८७ मध्ये 'व्हील' ही स्वतंत्र पावडर बाजारात आणली. या मोहिमेला कंपनीत 'स्टिंग' असे नाव होते. येथे महत्त्वाचे हे की कंपनीने केवळ नवे पाकीट काढले नाही. स्वस्त पावडरीसाठी उत्पादन विकेंद्रित केले, खर्चाची रचना वेगळी ठेवली आणि वितरणही त्या ग्राहकाला साजेसे केले. निरमाच्या झोंबण्याच्या उणिवेवर नेमके बोट ठेवून, हाताला कमी त्रास देणारी व सुवासिक पावडर म्हणून व्हीलचा प्रचार झाला. सी. के. प्रल्हाद यांनी २००४ मधील 'द फॉर्च्यून अ‍ॅट द बॉटम ऑफ द पिरॅमिड' या ग्रंथातून गरीब ग्राहकांच्या बाजारपेठेचा जो विचार मांडला, त्यात या अनुभवाला महत्त्वाचे स्थान आहे. पुढे व्हीलने बाजारपेठेचा मोठा हिस्सा मिळवला.

यशस्वी व्यूहनीतीलाही मुदत असते

ही कथा येथे थांबवली तर विद्यार्थ्याला अर्धेच सत्य कळेल. खप प्रचंड वाढल्यावर निरमा हा अंगणातील उद्योग राहणे शक्य नव्हते. कंपनीने मागच्या दिशेने विस्तार केला, म्हणजे ज्या कच्च्या मालावर ती अवलंबून होती तो स्वतः बनवण्यास सुरुवात केली. वडोदरा जिल्ह्यातील सावली तालुक्यात आलिंद्रा येथे पावडरीतील मुख्य रसायनाचा, तर भावनगरजवळ सोडा अ‍ॅशचा कारखाना उभा राहिला. हातमिश्रणाच्या जागी अवजड रसायन उद्योग आला. बाहेरून पाहता हा पूर्ण बदल आहे; परंतु 'खर्च कमी ठेवणे' हे मूळ सूत्र त्यात कायम आहे. साधन बदलले, दिशा बदलली नाही.

दुसरीकडे ग्राहक बदलत होता. मिळकत वाढली, पसंती बदलली, आणि केवळ सर्वांत स्वस्त असणे पुरेसे राहिले नाही. कानपूरच्या 'घडी' पावडरीने उत्तर भारतात भक्कम पाय रोवले आणि पुढे निरमाला मागे टाकले. निरमा उद्योगसमूहाने मात्र आपले भांडवल अन्यत्र वळवले. २००७ मध्ये अमेरिकेतील सर्ल्स व्हॅली मिनरल्स ही कंपनी, २०१६ मध्ये लाफार्ज कंपनीचा भारतातील सिमेंट व्यवसाय आणि २०२४ मध्ये ग्लेनमार्क लाइफ सायन्सेस या औषधी रसायनांच्या कंपनीतील बहुसंख्य हिस्सा त्याने घेतला. पाकिटावरची मुलगी आजही गिरकी घेते आहे, पण समूहाचे भवितव्य एकट्या त्या पाकिटावर राहिलेले नाही. ज्या परिस्थितीवर मेळ बसवलेला असतो ती परिस्थिती हलली की मेळ पुन्हा बसवावा लागतो, हा यातील धडा आहे.

लहान व्यवसायात व्यूहनीती

इतक्या मोठ्या उद्योगांचा आपल्या विद्यार्थ्यांशी काय संबंध, अशी शंका येऊ शकते. म्हणून एक काल्पनिक, पण नेहमीच्या पाहण्यातील प्रसंग घेऊ. समजा, बेळगावात एका कुटुंबाची बेकरी आहे. पहाटे पाव भाजला जातो आणि सकाळी सहाच्या आत चहाच्या टपऱ्यांना व हॉटेलांना पोहोचतो. गिऱ्हाईक बांधलेले आहे, उधारी महिन्याची आहे, नफा थोडा पण रोजचा आहे. शेजारच्या रस्त्यावर वाढदिवसाच्या केकचे चकचकीत दुकान उघडते. घरातील पदवीधर मुलगा म्हणतो, 'आपणही केक काढू.'

हा प्रस्ताव चांगला की वाईट, हे लगेच सांगता येणार नाही. मात्र केक म्हणजे आणखी एक जिन्नस, असे समजणे धोक्याचे आहे. पावाचे काम मध्यरात्रीनंतर सुरू होते, केकचे गिऱ्हाईक संध्याकाळी येते. पावाला मोठी भट्टी आणि दमदार कारागीर लागतो. केकला शीतपेटी, सजावटीचा हात आणि दर्शनी भागात दिव्यांचा झगमगाट लागतो. पाव वेळेवर पोहोचला पाहिजे, केक नजरेत भरला पाहिजे. दोन्ही एकाच छपराखाली, त्याच चार माणसांकडून करून घेतले तर पहाटेचा पाव उशिरा निघेल आणि संध्याकाळचा केक दुय्यम ठरेल. बांधलेले हॉटेलवाले दुसरीकडे जातील आणि नवे गिऱ्हाईक चकचकीत दुकानातच राहील. हिंदुस्थान लिव्हरला स्वस्त पावडरीसाठी वेगळी रचना का करावी लागली, हे येथे सहज समजते.

मग मुलाने काय करावे? पावातच राहून अधिक हॉटेले, शाळांच्या खानावळी, रुग्णालयांची उपाहारगृहे जोडता येतील. किंवा केकसाठी वेगळी जागा, वेगळा माणूस आणि वेगळा हिशेब ठेवता येईल. किंवा पाव बंद करून पूर्णपणे केककडे वळता येईल. तिन्ही मार्ग विचारांती निवडता येतात. चौथा मार्ग, म्हणजे शेजारी करतो म्हणून आपणही थोडे थोडे सगळे करणे, यात मात्र निवडच नाही; आणि लहान भांडवल बहुधा याच मार्गाने विरून जाते.

वर्गातील अध्यापनासाठी काही सूचना

चार चौकटींचा तक्ता टाकून द्यावा असे नाही. तो परिस्थितीची नोंद करण्यास उपयोगी आहे. पण नोंद म्हणजे निर्णय नव्हे. तक्ता पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न विचारावेत.

१. हा व्यवसाय नेमक्या कोणत्या ग्राहकासाठी आहे, आणि कोणत्या ग्राहकाला तो 'आमच्याकडे मिळणार नाही' असे सांगतो?

२. ग्राहक शेजारच्या दुकानात न जाता येथे का येतो? कारण किंमत असेल, तर ती किंमत कोणत्या खर्चाच्या बचतीतून परवडते?

३. खरेदी, उत्पादन, विक्री, उधारी आणि माणसे यांविषयीचे निर्णय एकमेकांना पूरक आहेत की एकमेकांच्या आड येतात?

४. गेल्या वर्षभरात पैसा व मालकाचा वेळ प्रत्यक्षात कोठे खर्च झाला? सांगितलेल्या उद्दिष्टाशी तो जुळतो काय?

५. प्रतिस्पर्ध्याने हीच पद्धत उद्या उचलली तर त्याला काय सोडावे लागेल?

६. कोणती परिस्थिती बदलली तर हा सर्व मेळ मोडेल?

प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एक व्यवसाय निवडून, मालकाशी बोलून या प्रश्नांची उत्तरे चार पानांत लिहावीत. गॅरेज, शिवणकामाचे दुकान, रसवंतीगृह, छापखाना, काहीही चालेल. तिसऱ्या प्रश्नासाठी निर्णय वर्तुळांत लिहून त्यांना बाणांनी जोडण्यास सांगावे. कोणता बाण तुटतो ते काढताना विद्यार्थी जे शिकतो ते व्याख्या पाठ करून शिकत नाही. अनेकदा असेही आढळेल की ज्या मालकाने 'स्ट्रॅटेजी' हा शब्द कधी वापरलेला नाही, त्याची उत्तरे सर्वांत स्पष्ट आहेत. विद्यार्थ्याच्या मनात घरच्या धंद्याविषयी आदर निर्माण होण्याच्या दृष्टीनेही हा अनुभव मोलाचा आहे.

समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की व्यूहनीती ही इच्छा, घोषणा किंवा आराखड्याची जाड वही यांपैकी काही नाही. कोणासाठी काम करायचे हे ठरवणे, त्यासाठी काय सोडायचे ते मान्य करणे, उरलेल्या कामांचा परस्परांशी मेळ घालणे आणि परिस्थिती पालटली की तो मेळ पुन्हा तपासणे, एवढाच तिचा व्यवहारातील अर्थ आहे. अर्थ लहान आहे, आचरण कठीण आहे. कारण समोर आलेल्या गिऱ्हाइकाला आणि हाताशी आलेल्या संधीला नाही म्हणणे कोणालाही जड जाते. उद्या घरच्या बचतीची गल्ल्यातील रक्कम मोडण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबून 'हे केले तर मला काय सोडावे लागेल?' असा प्रश्न स्वतःला विचारला, तर या विषयाच्या तासिकांचे चीज झाले असे मानण्यास हरकत नाही.